अकरा गाठी आणि एक मांडव

गाडी धुणं कुणालाही येतं. पाणी मारायचं, फेस काढायचा, पुसायचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अवघड असतं ते धुण्याचं सामान पिकअपच्या हौद्यात बांधून गावोगाव नेणं, आणि घरून जेवढं निघालं तेवढं सगळं पोचवणं. नव्वदच्या दशकात सहा-सात वर्षं मी हेच केलं. बारामती आणि इंदापूर तालुक्यात जिथं जीप तिथं आमची पिकअप. चालवायचा माझा नवरा दामू, बांधायचे मी. दिवाळी अंकाला बाईच्या कामाबद्दल लेख हवा होता. त्यांना बहुतेक शिवणकाम किंवा पापड अपेक्षित असणार. माझ्याकडं दोर आहेत.

नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी दचकू नये. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते. कागदावर दामू सोपं पडतं.

दामू वीस वर्षं लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. पाठ गेली तेव्हा घरी बसला. त्या वेळी उसाच्या जोरावर लोकांच्या दारात जीपा आल्या होत्या, पण धुवायचा वेळ कुणाला नव्हता. बारामतीला सर्व्हिस स्टेशन होतं. तिथं नंबर लावण्यात अर्धा दिवस जायचा, आणि परत येईपर्यंत रस्त्याची धूळ बसून गाडी होती तशी व्हायची. दामू म्हणाला, आपण दारात जाऊन धुवू. जुनी पिकअप घेतली आणि धंदा सुरू झाला.

पहिल्या महिन्यात एक गोष्ट कळली. एखाद्या दारात गेलं की मालक आधी नाव विचारायचा, मग गाव, मग आडनाव. आडनाव कळलं की त्याच्या विहिरीवरचा पंप नेमका बिघडायचा. एका गावात एका दिवसात चार पंप बिघडले. आमची वस्ती बौद्ध होऊन तोवर पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती, पण ही बातमी पंपांना पोचली नव्हती. मी दामूला म्हटलं, भांडायला वेळ न्हाय, टाकी घ्या. मग पाचशे लिटरची टाकी हौद्यात चढली. आपलं पाणी आपल्याबरोबर. त्यानंतर आमचं आडनाव कुणी विचारलं नाही.

पण टाकी आली आणि बांधण्याचा खरा प्रश्नही आला.

ज्यांनी हे केलं नाही त्यांना सांगते. भरलेली टाकी त्रास देत नाही, ती म्हशीसारखी बसून राहते. रिकामी टाकीही त्रास देत नाही. अर्धी भरलेली टाकी वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढं धावतं, वळलं की बाजूला धावतं, आणि आपल्याबरोबर टाकीला नेऊ बघतं. सांगवीच्या वळणावर एकदा पाणी असं धावलं की आमची गाडी वळण सोडून एका माणसाच्या अंगणात गेली. त्या घरी पाहुणे बघायला आले होते. त्यांनी आम्हालाच मुलीचे मामा-मामी समजून बसायला सतरंजी टाकली. आम्ही पोहे खाऊन उठलो. मुलगी पसंत पडली, असं नंतर कळलं.

तेव्हापासून टाकी मी केबिनला चिकटवून आडवी ठेवली, खाली लाकडाची फळी, दोन्ही बाजूंना दोर. मागं पाण्याचा पंप, तो रॉकेलवर चालायचा. त्याच्याशेजारी धूळ ओढायचं मशीन, पाईपची वेटोळी, बादल्या, आणि साबणाचे, पॉलिशचे डबे लाकडी खोक्यात. पत्र्याला पत्रा लागू द्यायचा नाही, मधे चिंध्या घालायच्या. नायलॉनचा दोर दिसायला छान असतो, पण घसरतो. तागाचा दोर ओला झाला की आवळतो आणि वाळला की ढिला पडतो, म्हणून पाण्याच्या धंद्यात त्याच्याकडं वाटेत तीनदा बघावं लागतं. दोर ओढून पुरत नाही. त्यात दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दांडकं अडकवायचं. हे मी लग्नाआधी उसाच्या गाड्या भरताना शिकले. उसाची गाडी फडापासून कारखान्यापर्यंत हजार धक्के खाते. तिचा ऊस जर सांडत नसेल तर बादली कशाला सांडेल.

अशा माझ्या अकरा गाठी होत्या. निघण्याआधी मी गाडीभोवती फेरी मारून प्रत्येकीला हात लावायचे, अकरा मोजायचे, मग केबिनमध्ये बसायचे. चांगली गाठ कोणती? वाटेत सुटत नाही आणि घरी एका झटक्यात सुटते ती.

दामूची गाठ याच्या उलट. वाटेत सुटायची, आणि नाही सुटली तर घरी विळ्यानं कापावी लागायची. एकदा मी आजारी होते तेव्हा सामान त्यानं बांधलं. इंदापूरच्या रस्त्याला साबणाचा डबा कलंडला आणि दोन-तीन मैल साबण गळत गेला. मागून पाण्याचा टँकर येत होता, तो नेहमीसारखा गळका. रस्त्यावर गुडघ्याएवढा फेस झाला. लोकांनी कारखान्याला शिव्या दिल्या, कारखान्याच्या माणसांनी येऊन पाहणी केली, आणि दामू बाजूला उभा राहून त्यांच्याबरोबर मान हलवत होता. घरी येऊन मला म्हणाला, "काय न्हाय, जरा सांडलं."

मी त्याला बोलत असे. रोज बोलत असे. "ही गाठ हाय का मुंडावळ?" असं. तो ऐकून घ्यायचा. पुन्हा बांधून बघायचा, मी पुन्हा सोडून स्वतः बांधायचे.

गिऱ्हाइकं वेगवेगळी होती. कोऱ्हाळ्याच्या एका आबांना जीप धुवून हवी असायची, पण बॉनेटवरचे हळदीचे पाच पंजे तसेच ठेवायचे. ते गाडी आणली तेव्हा त्यांच्या आईनं उठवलेले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्या पंजांभोवती चिंधीनं पुसत बसायचे. पाचव्या खेपेला एक पंजा गेला. आबांनी उरलेले मोजले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चार बी बास हायेत." आमच्या गाडीचा डावा आरसाही त्यांच्याच म्हशीनं नेला. तो आम्ही बसवला नाही. या आरशाचं पुढं काम आहे, लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गोष्ट टोकाला आली. कधी दिवसाला चार गाड्या, कधी आठवडाभर एकही नाही, असं चाललं होतं. दामूच्या जुन्या मालकाचा निरोप आला, ट्रक रिकामा आहे, ये. दामू म्हणाला, महिनाअखेरीपर्यंत बांधलेलं काम मिळालं तर ठीक, नाहीतर पिकअप विकू आणि मी परत ट्रकवर जातो. त्याची पाठ अशी होती की सकाळी बाजेवरून उठताना मला हात धरावा लागायचा. ट्रकवर हात कोण धरणार? मी म्हटलं, "बघू."

बांधलेलं काम एकाकडंच होतं. एका दूध संस्थेच्या सात जीपा होत्या आणि त्या संस्थेचे संचालक तात्या म्हणून होते. तात्या निरवांगीला एका लग्नाला येणार होते, आणि त्याच लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या धुवायला आम्हाला बोलावलं होतं. मुलीचे वडील बाबूराव म्हणाले होते, तात्यांच्या कानावर घालतो. तात्यांनी काम बघावं आणि सात जीपा आमच्याकडं द्याव्यात, एवढंच त्या दिवशी व्हायला हवं होतं.

सकाळपासून आम्ही पाच गाड्या धुतल्या. पाचवी तात्यांची जीप. ती धुऊन झाली तेव्हा तिच्या दारात बघून एका बाईनं कुंकू सारखं केलं. तात्या जीपकडं बघून गेले. मांडवात पहिल्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसले.

बाबूराव म्हणाले, "कामाची माणसं आधी जेवून घ्या." जेवताना त्यांच्या घरच्या बायका आहेराचं बोलायला लागल्या. मला साडी, दामूला टॉवेल-टोपी. मी नको म्हटलं. याला कारण होतं. आहेर घेतला की मजुरीची गोष्ट काढायला तोंड राहत नाही, हे मी दोनदा अनुभवलं होतं. पण लग्नघरात नको म्हटलेलं कुणी ऐकत नाही. मी दामूला हळूच म्हटलं, "आवं, जेवा आन् निघा. मजुरीचं आन् तात्यांचं उद्या बघू. न्हायतर साडी अंगावर टाकत्यात."

आता आम्ही जेवत होतो तेव्हा काय झालं ते सांगते. मला हे नंतर कळलं. मांडव कापडी होता, बांबूंवर ताणलेला. मांडववाल्याचं नाव पांडबा. बाबूरावांनी त्याला सकाळी सांगितलं होतं की लोखंडी मेखा ठोक. तो म्हणाला होता, काळी माती हाय, लाकडी मेख गच्च बसती. बारा वाजता वावटळ आली आणि मागची मेख उपटली. मांडव फडफडायला लागला. पांडबा दोर हातात धरून इकडंतिकडं बघत होता, आणि त्याला मांडवामागं आमची पिकअप दिसली. आमच्याकडं मांडववाल्याला उभी गाडी दिसली की तो तिला दोर बांधतो. बैलगाडी असो, ट्रॉली असो. मालकाला विचारायची पद्धत नाही, कारण मांडव उठेपर्यंत मालकही तिथंच जेवत असतो. पांडबानं दोर आमच्या मागच्या कडीला बांधला आणि गेला.

हात धुऊन मी गाडीपाशी आले. समोर मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या, कर्णा जोरात होता. मी फेरी मारली, प्रत्येक गाठीला हात लावला. बारा झाल्या.

परत मोजल्या. बारा. बारावी मागच्या कडीला होती, ताडपत्रीच्या कडेला. मी वाकून बघितली. दोर वर कुठं जातो ते बघितलं नाही, कारण माझी नजर गाठीवर होती. दुसऱ्या कुणाच्या हातची अशी गाठ मी माहेर सोडल्यापासून बघितली नव्हती. भरल्या उसाच्या गाडीची गाठ.

दामू दार उघडत होता. मी विचारलं, "ही तुमी बांधली?"

त्यानं गाठीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी म्हटलं, "चांगली बांधलीय."

दामू म्हणाला, "व्हय."

मला बरं वाटलं. माणूस दोन वर्षांनी का होईना शिकला. फक्त दोर जरा ढिला वाटला, म्हणून मी त्यात दांडकं घालून दोन पीळ दिले आणि गाडीत बसले.

गाडी निघाली ती जड निघाली. दामू म्हणाला, "टाकी रिकामी हाय ना?" मी म्हटलं, "तुमी लई जेवला." मागं ताडपत्री असल्यानं केबिनमधून काही दिसत नव्हतं. आरसा एकच, दामूच्या बाजूचा. आम्ही वेशीकडं लागलो, आणि मला एक गोष्ट खटकली. लग्नघर मागं पडत होतं पण मंगलाष्टका कमी होत नव्हत्या. उलट कानात जास्त यायला लागल्या.

मी म्हटलं, "आवाज मागं लागल्यागत येतोय."

दामू म्हणाला, "वारं हिकडचं हाय."

खरं असं होतं की मांडवाचं छत डाव्या अंगानं आमच्यामागं येत होतं, त्याच्याबरोबर एक बांबू, आणि त्या बांबूला बांधलेला कर्णा. कर्ण्याच्या वायरीचं मोठं वेटोळं होतं, ते उलगडत होतं. कुर्यात सदा मंगलम् आमच्यामागं धुळीतून फरफटत येत होतं. वेशीपर्यंत वायर पुरली. मग तुटली आणि एकदम शांत झालं.

दामू म्हणाला, "लगीन लागलं वाटतं."

मग त्याला आरशात माणसं दिसली. "लोकं पळत येत्यात," तो म्हणाला. "म्होरल्याच्या हातात टॉवेल हाय."

तो टॉवेल पांडबाचा होता आणि तो 'थांबा' म्हणून हलवत होता. मी म्हटलं, "आहेर घेऊन आलीत. थांबू नका. जोरात घ्या."

दामूनं जोरात घेतली. एक म्हातारी वाटेत उभी होती, तिनं आमच्याकडं बघून हात जोडले. तिला वाटलं देवाचं काही चाललंय. पोरं धावत होती, कुत्री धावत होती. मी मनात म्हटलं, काय हे आहेराचं वेड, साडी एवढी जड झालीय का यांना.

कालव्याच्या पुलावर बांबू कठड्यात आडवा अडकला. गाडी जागच्या जागी थांबली आणि इंजिन बंद पडलं. माझं कपाळ काचेवर आपटलं. उतरून मागं गेले तर निरवांगीचा अख्खा मांडव, झालरीसकट, पुलावर पसरला होता.

लोक आले. पांडबा आला, बाबूराव आले, फेटा हातात. लग्न मोडलं नव्हतं, एवढं तिथंच कळलं. छत निघाल्यावर भटजी वर बघून क्षणभर थांबले आणि उन्हात पुढं सुरू झाले. अक्षता पडल्या, पण तात्यांसकट सगळं वऱ्हाड भर दुपारी आभाळाखाली बसलं होतं.

बाबूरावांनी कडीकडं बोट केलं. "ही गाठ कुणाची?"

पांडबानं सकाळचं मेखेचं बोलणं आठवून खाली बघितलं. "माझी न्हाय."

सगळे आमच्याकडं वळले. मी दामूकडं बघितलं. दामूनं माझ्याकडं बघितलं. पाच मिनिटांपूर्वी तो मला 'व्हय' म्हणाला होता.

"माझी हाय," दामू म्हणाला.

बाबूरावांना पुढं काय विचारावं कळेना. "आरं, तू आमचा मांडव तुझ्या गाडीला कशापायी बांधला?"

"बांधला," दामू म्हणाला.

"आन् न्हेला कशापायी?"

"निघायची वेळ झालती."

बायकोपुढं खोटा पडण्यापेक्षा गावापुढं चोर झालेला बरा, असा त्याचा हिशोब असावा. एकजण म्हणाला, डोक्यावर परिणाम हाय. दुसरा म्हणाला, न्हाय, कापड लई चांगलं हाय. कुणीतरी दामूची गच्ची धरली. मी मधे गेले, आणि तेवढ्यात तात्यांची जीप आली. सकाळी आम्ही धुतलेली ती जीप धुळीनं माखली होती.

तात्या उतरले. ताडपत्री वर करून टाकीला हात लावून ढकललं. पंप हलवून बघितला. बादलीची कडी ओढली. मग आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मांडव आला, बांबू आला, कर्णा आला. बादली हालली न्हाय."

बाबूराव म्हणाले, "तात्या, आवं माझा मांडव."

"तुझा आज एक दिस गेला, बाबूराव. माझे दुधाचे कॅन रोज दोन तरी वाटंत पडत्यात. सात ड्रायव्हर हायेत, एकालाबी बांधता येत न्हाय." तात्यांनी दामूला खालून वर बघितलं. "ही गाठ तू मारली नव्हं? सोमवारी ये. ड्रायव्हरांना दाखव. जमलं तर जीपांचंबी बघू."

दामू पांढरा पडला. मी म्हटलं, "येतील."

मग पांडबा दोर सोडायला खाली बसला. लोकांशी बोलत बोलत, पुलाकडं तोंड करून, एका हातानं, न बघता त्यानं ती गाठ सोडली. स्वतःची गाठ माणूस न बघता सोडतो. दुसऱ्याच्या गाठीत आधी नजर जाते, मग बोट. मला तिथंच कळलं. पांडबानं मान वर केली तेव्हा त्यालाही कळलं की मला कळलंय. मी बोलले नाही. बोलले असते तर तो बुडाला असता, आणि दामूही, आणि सोमवारही.

आम्ही घराकडं निघालो. फाटकाशी दामू म्हणाला, "ती माझी नव्हती."

"म्हाईत हाय."

"तू चांगली म्हणालीस म्हणून."

दोन वर्षांत मी त्याला एकदा चांगलं म्हटलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या गाठीला.

लग्न शुक्रवारी होतं. शनिवार-रविवार आम्ही बाजेच्या पायाला दोर बांधत बसलो. तो बांधायचा, मी ओढायचे, सुटायची. शनिवारी संध्याकाळी बाज मोडली. मग रविवारी दाराच्या चौकटीला. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळं मला जास्त दमायला झालं. रविवारी दुपारी एक गाठ राहिली. मी सगळं वजन टाकून ओढली, चौकट करकरली, गाठ राहिली. मग टोक धरून झटका दिला, सुटली.

दामू म्हणाला, "कशी हाय?"

मी म्हटलं, "ठीक हाय."

चांगली म्हणायला हवं होतं. तोंडाला सवय नव्हती.

सोमवारी त्यानं सात ड्रायव्हरांसमोर दुधाचे कॅन बांधले. तात्यांनी ती जीप मुद्दाम खड्ड्यांतून फिरवून आणली. कॅन हलले नाहीत. सात जीपा आम्हाला मिळाल्या आणि दामू ट्रकवर गेला नाही. निरवांगीत मात्र तो कायमचा 'मांडव न्हेणारा' झाला. तिथल्या लग्नांत आमची गाडी दिसली की मांडववाले लांबून हात जोडायचे आणि पोरं मोठ्यानं मंगलाष्टका म्हणायची. दामूनं कुणालाच खरं सांगितलं नाही. पांडबानंही नाही.

त्यानंतर आमच्या गाडीवर बारा गाठी झाल्या. बारावी मागच्या कडीची, दामूची. त्या दोराला मी हात लावत नसे, नुसती मोजायचे.

पुढं पेट्रोलपंपांवर गाड्या धुवायची सोय झाली, लोकांकडं बंद काचेच्या गाड्या आल्या, तात्यांच्या संस्थेनं जीपा विकल्या. आम्हीही पिकअप विकली. घेणारा आला त्या सकाळी सामान उतरवायचं होतं. अकरा दोर मी सोडले. बारावीकडं दामू गेला. तो त्या माणसाला गिअरबद्दल काही सांगत होता, तोंड तिकडं होतं. बोलता बोलता मागं हात नेला आणि एका झटक्यात गाठ सोडली. बघितलं नाही.

तो माणूस गेल्यावर मी विचारलं, "मागची गाठ तुमी बांधली होती?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "चांगली बांधली होती."

"व्हय," दामू म्हणाला. त्या दिवशी म्हणाला होता अगदी तसंच. या खेपेला खरं होतं.